कम्युनिटी कॉलेज? अरेरे!

परवा इथे एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा हातात पडतोय तोच एका बाईंनी माझ्या लेकीला विचारलं, "काय गं, धाकटीला कुठे मिळाली ॲडमिशन?" लेक म्हणाली, "तिने जरा गॅप घेतलाय."

माझ्या घशात शिरा अडकला! नातीने गॅपबिप काही घेतलेला नाही. ती रोज सकाळी आठच्या तासाला जाते, आमच्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात जीवशास्त्र शिकते. पण ते चारचौघांत सांगायची माझ्या लेकीला लाज वाटते. पुण्याहून फोन येतात तेव्हाही तेच. "अरेरे, कम्युनिटी कॉलेज? मार्क कमी पडले का?" हे विचारणारे आमच्याच घरातले आहेत. ते हे वाचतील हे मला माहीत आहे, म्हणूनच लिहितेय.

आधी हे प्रकरण काय ते सांगते, कारण नाकं मुरडणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते ठाऊक नसतं. अमेरिकेतलं या जातीचं सर्वात जुनं सरकारी कॉलेज इलिनॉयमधल्या जॉलिएट गावात १९०१ साली निघालं. आमच्या कॅलिफोर्नियात आज अशी ११६ आहेत. १९६० साली या राज्याने उच्च शिक्षणाचा आराखडा केला. त्यात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे वरच्या साडेबारा टक्के मुलांची सोय ठेवली आणि कम्युनिटी कॉलेजांचं दार सगळ्यांना उघडं ठेवलं. तिथे दोन वर्षं करून पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. पदवी मिळते ती त्या विद्यापीठाचीच, तिच्यावर 'आधी कुठे होता' असा शिक्का नसतो. राज्यातल्या रहिवाशांना फी युनिटमागे ४६ डॉलर. चार युनिटांचा जीवशास्त्राचा कोर्स १८४ डॉलरांत होतो.

हे आकडे मला पाठ आहेत, कारण ते १८४ डॉलर मी स्वतः भरलेत. हो, मीही नाव घातलं! सत्तरी उलटलेली, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई! नुसत्या ऐकीव गोष्टींवर भांडायचं नाही, अशी माझी जुनी खोड आहे.

वर्गात आम्ही अठ्ठावीस जण आहोत. माझ्या टेबलावर रात्रभर सामान पोचवणारा एक ड्रायव्हर आहे, वृद्धाश्रमात काम करून नर्सिंगची तयारी करणारी एक दोन मुलांची आई आहे, आणि एक अठरा वर्षांचा पोरगा. प्रोफेसरीणबाई तासही स्वतः घेतात आणि प्रॅक्टिकललाही स्वतः उभ्या असतात. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला शेकडो मुलं एका सभागृहात बसवतात. त्या दिवशी बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकून वजन केलं. फोडींचं वजन घटलं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, हे मी पन्नास वर्षं बघतेय. पण पेशीच्या पडद्यातून ते पाणी का बाहेर येतं, हे मला त्या दिवशी कळलं. परासरण! हा शब्द शाळेत शेजारच्या वर्गातून ऐकू यायचा, तेवढीच आमची ओळख.

आता कुणी म्हणेल, तिथून पुढे जाणारी मुलं फार थोडी. खरं आहे. चार वर्षांची पदवी घ्यायची म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेक तिथवर पोचत नाहीत. पण का पोचत नाहीत? रात्रपाळी असते, घरी मूल आजारी पडतं, गणित कच्चं राहिलेलं असतं. जे आधीच पोचलेले आहेत त्यांनाच निवडून आत घेणाऱ्या संस्थेचा निकाल चांगला लागणारच. त्यात तिचं कौतुक किती करायचं?

आणि जे पोचतात त्यांचं काय? क्रेग व्हेंटर शाळेत यथातथाच होता. व्हिएतनामच्या युद्धात इस्पितळात काम करून परतला आणि कॉलेज ऑफ सॅन मटेओ या कम्युनिटी कॉलेजात शिकला. तिथून सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेला, १९७५ साली पीएच.डी. झाला. २००१ साली मानवी जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, त्यातल्या एका गटाचा तो म्होरक्या होता. त्याच्या आईने शेजारणींना काय सांगितलं असेल? गॅप घेतलाय म्हणून?

आपल्याला तर हे नवीन वाटायलाच नको. कर्मवीर भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' म्हटलं, त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो. मग काम करून शिकणारा पोरगा समोर आला की टक्के का विचारतो?

हे सगळं मी तावातावाने लिहितेय, पण हात माझेही स्वच्छ नाहीत. मॅट्रिकला मला शास्त्रात चांगले मार्क होते. "कॉलेजात सायन्स इंग्रजीत असतं, तुला झेपायचं नाही," असं वडील म्हणाले आणि मी गपगुमान आर्ट्सला गेले. पुढे चौतीस वर्षं शिकवलं. दहावी 'ड'च्या किती मुलांना मीही तेच सांगितलं असेल, "सायन्स तुमचं काम नाही रे." कुठल्या परीक्षेवरून ठरवलं होतं मी? त्यांतल्या एकालाही दुसऱ्यांदा विचारायची सोय आपल्याकडे नव्हती. इथे आहे, आणि आपण तिला नावं ठेवतो.

असो. पोथीतला साधुवाणी नावेत धन असताना 'वेली नि पानं आहेत' असं खोटं सांगतो, आणि मग काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. लेकीला मी घरी येताना गाडीत एवढंच म्हटलं. ती काही बोलली नाही. नात मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, "आजी, पानंच आहेत. उद्या मायक्रोस्कोपखाली पानं आहेत आम्हाला."

पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर मी आधी उत्तर देणार आहे. आम्ही दोघीही जातो म्हणून!