धावताना आलेली ‘फिट’ हृदयामुळे तर नाही ना?

मूल धावता धावता कोसळलं, हातपाय झटकले, डोळे फिरवले, की आपल्या विंझर-वेल्हे भागात निदान जागेवरच होतं: फिट आली. कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल (दोन्हींचा उपयोग शून्य). पुढे मेंदूचा आलेख निघतो, गोळ्या सुरू होतात. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, मात्र राहून जातो.

काही मुलांच्या हृदयाची रचना उत्तम असते; दोष ठोके चालवणाऱ्या विद्युत यंत्रणेत असतो आणि बहुतेक वेळा तो आई किंवा वडिलांकडून आलेला असतो. ‘लाँग क्यूटी सिंड्रोम’ हा असाच आजार. यात श्रमाने किंवा दचकल्याने ठोके एकदम वेडेवाकडे पडू लागतात, मेंदूला रक्त पोचत नाही, मूल कोसळतं आणि झटकेही येतात. म्हणून ती मिरगी वाटते.

कोसळण्याआधी मूल काय करत होतं, हे डॉक्टरांना जरूर सांगा. विहिरीत पोहत होतं? गड चढत होतं? गजर किंवा फटाक्याने दचकलं? मूल पांढरंफटक पडून मिनिटभरात भानावर आलं, तर संशय हृदयावर घ्यावा. मिरगीनंतर मूल सहसा बराच वेळ गुंगीत असतं. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का, पट्टीचा पोहणारा बुडाला का, हेही आठवून सांगा. जन्मतः बहिरं मूल असं कोसळत असेल, तर ईसीजी हवाच. बहिरेपणासोबत येणारा हा प्रकार नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी होते. तिच्या यादीत झटके आहेत, जन्मजात बहिरेपणा आहे, जन्मजात हृदयदोषही आहेत. पण ईसीजी हा या नेहमीच्या तपासणीचा भाग नाही. माझ्या मते, झटके आलेल्या प्रत्येक मुलाचा तो एकदा तरी काढला पाहिजे. तोवर तुम्हीच मागा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, सुई नाही, दुखत नाही. मात्र आलेख बालहृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. काही विकार साध्या ईसीजीत दिसत नाहीत, चालवून-पळवून तपासावं लागतं. निदान झालं, तर भावंडांचा आणि आईवडिलांचाही ईसीजी काढायचा.

उपचार बहुधा रोजच्या गोळीचा, बीटा ब्लॉकरचा असतो. ती चुकवायची नाही. ॲझिथ्रोमायसिन, ऑन्डान्सेट्रॉनसारखी नेहमीची औषधं या मुलांना घातक ठरू शकतात, म्हणून दुकानातून परस्पर काही आणू नका. मिरगीच्या चालू गोळ्याही आपल्या मनाने थांबवू नका.

मूल पुन्हा कोसळलं आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाब देत राहा आणि दुसऱ्या कोणाला 108 लावायला सांगा.