पेपर दोनमधला तो प्रश्न पेपर एकमध्येही विचारा

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे



कात्रज चौकाजवळ मी अकरावी-बारावीच्या मुलांना कॉम्प्युटर सायन्स शिकवतो. संतोषनगर, सुखसागरनगर, आंबेगावची मुलं येतात. काही खेड शिवापूरहून बसने येतात. मंडळाला पत्र म्हणजे तक्रारच असणार, असं तुम्ही गृहीत धरलं असेल. मी सुरुवात कौतुकाने करतो, आणि तेही ज्याची सगळे टिंगल करतात त्या भागाच्या: कॉम्प्युटर सायन्सच्या पेपर दोनमधल्या 8085 च्या.

इंटेलने हा मायक्रोप्रोसेसर 1976 मध्ये आणला. इंजिनिअर झालेले पालक विचारतात, "अजून हेच शिकवता?" विचारू देत. या भागात एक ठरलेला प्रश्न असतो. समजा, अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये 28 आहे, बी रजिस्टरमध्ये 39, दोन्ही हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे. बेरजेची सूचना चालल्यावर अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये काय राहील? आठ आणि नऊ सतरा. सोळाचा हातचा एक, खाली 1. दोन, तीन आणि हातचा मिळून 6. उत्तर 61. दहाच्या पायाच्या सवयीने घाईत 67 लिहिणारा लगेच सापडतो. इथे घोकंपट्टी चालत नाही, कारण पुढच्या पेपरात आकडे बदललेले असतात. मशीन काय करील ते मुलाला स्वतः करून पाहावं लागतं.

पेपर एकमधलं सी प्लस प्लस मात्र वेगळ्याच वाटेने जातं. तिथे 'प्रोग्रॅम लिहा' असं विचारलं जातं: मसावि, फॅक्टोरियल, फिबोनाची. मुलं ते प्रोग्रॅम प्रार्थनेसारखे पाठ करतात. पूर्ण गुणही मिळतात.

मसाविचंच घ्या. भागाकार पद्धत मुलांनी शाळेत केलेली असते. प्रोग्रॅममध्ये लूपच्या आत तीनच ओळी असतात: 'अ'ला 'ब'ने भागून बाकी काढा, 'अ'मध्ये 'ब' ठेवा, 'ब'मध्ये बाकी ठेवा. 'ब' शून्य होईपर्यंत हेच चालू. वर्गात मी विचारतो, 'अ' 119 आणि 'ब' 544 दिला, म्हणजे लहान संख्या आधी दिली, तर? निम्मा वर्ग म्हणतो, "सर, चालणार नाही, आधी इफ टाकावा लागेल." मग फळ्यावर 'अ', 'ब' आणि बाकी असे तीन रकाने आखतो. पहिल्या फेरीत 119 ला 544 ने भागलं की बाकी 119. 'अ' झाला 544, 'ब' 119. अदलाबदल आपोआप झाली! पुढच्या फेऱ्यांत बाकी 68, 51, 17, आणि शेवटी शून्य. पाच फेऱ्या, मसावि 17. हे आकडे माझे नाहीत, डोनाल्ड नुथचे आहेत. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'चा पहिला खंड 1968 मध्ये आला. त्याच्या सुरुवातीलाच हे उदाहरण आहे, आणि कागद-पेन्सिल घेऊन अल्गोरिदम स्वतः चालवून पाहा असा आग्रहही.

आता शेवटच्या दोन ओळींची जागा बदला. 'ब'मध्ये बाकी आधी गेली, मग 'अ'मध्ये 'ब'. कंपायलर काही बोलत नाही, स्क्रीनवर मसावि शून्य येतो. ड्राय रनची, म्हणजे प्रोग्रॅम कागदावर चालवून पाहण्याची, सवय नसलेला मुलगा मग सेमीकोलन तपासतो, इंटचा लाँग करतो, शेजाऱ्याचा प्रोग्रॅम आणतो. तक्ता मांडणाऱ्याला पहिल्याच फेरीत 'अ' आणि 'ब' दोन्हीकडे 119 दिसतात, दुसऱ्या फेरीत दोन्हीकडे शून्य. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत नळ आणला, त्याच्यावर वाटेत उच्छ्वास बांधलेले आहेत. त्यातून पाणी इथवर आलंय का ते बघता येतं. तक्त्याची प्रत्येक ओळ म्हणजे तसा एक उच्छ्वास.

म्हणून विनंती अशी. पेपर एकमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम छापून द्या आणि ट्रेस टेबल, म्हणजे असा फेरीगणिक तक्ता, भरायला सांगा. गुण ओळीगणिक द्या. वरच्या ओळीत चूक झाली पण पुढची रीत बरोबर असेल, तर पुढचे गुण कापू नका. नाहीतर एका वजाबाकीपायी पोरगं सगळंच गमावेल. अधूनमधून मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम द्या आणि कोणत्या फेरीत घोळ झाला ते विचारा. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये आउटपुटच्या आधी एक हाताने भरलेला तक्ता सक्तीचा करा. जर्नल उतरवून काढण्यात महाराष्ट्रातली मुलं तरबेज आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणून आकडे हजेरी क्रमांकावरून घ्यायला सांगा.

तपासनिसांवर बोजा पडेल, हा आक्षेप मी स्टाफरूममध्ये ऐकलेला आहे. मला तो पटत नाही. तीस मुलांचे तीस तऱ्हेचे प्रोग्रॅम तपासण्यापेक्षा सहा ओळींचा तक्ता तपासणं केव्हाही सोपं.

घाई एवढ्यासाठी, की नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने अभ्यासक्रम बदलतील, तेव्हा सगळ्यात आधी 8085 वर काट पडेल. पडो बापडी, मला त्या चिपचं प्रेम नाही. पण तिच्याबरोबर तो अ‍ॅक्युम्युलेटरचा प्रश्नही जाईल, आणि मशीनच्या जागी बसून विचार करायला लावणारी जागा पेपरात जवळपास उरणार नाही. तसं होण्याआधी पुढच्या नमुना प्रश्नपत्रिकेत असा एक तरी प्रश्न यावा. मसुदा हवा असेल तर कात्रजहून शिवाजीनगरला मंडळात घेऊन यायची माझी तयारी आहे.

आपला,
कात्रजमधला एक शिक्षक