दोघींची डोंगरवारी

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ संपला आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटू लागले की घरोघरी सहलीच्या गोष्टी निघतात. मुले मोठी झालेल्या बायकांच्या मनात तर हमखास येते, एकदा तरी मैत्रिणीबरोबर चार दिवस डोंगरात जाऊन यावे. अवश्य जा! पण आधी आमची फजिती ऐका.

चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, आम्ही दोघी हिमाचलात गेलो होतो. तिला बर्फावरून घसरण्याची, म्हणजे स्कीइंगची, फार हौस. मला नुसता बर्फ बघायचा होता. कुफ्री, नारकंडा, मनाली आणि सोलंग, सगळे पाच दिवसांत बसवले! शिमला ते मनाली हाच एक अख्ख्या दिवसाचा प्रवास. रोज सकाळी बॅगा भरायच्या, रात्री नव्या खोलीत उघडायच्या. सोलंगला ती भाड्याच्या स्की पायाला बांधून जेमतेम उभी राहायला शिकली, तोवर मी थंडीने काकडून "चल गं आता" म्हणून तिच्यामागे लागले. माझा गुडघा तेव्हा दुखत होता, पण ते मी सांगितले नव्हते. परतल्यावर हिशेबावरून शब्दाला शब्द लागला. शाळेपासूनची मैत्रीण, पण दोन महिने आम्ही एकमेकींना फोन केला नाही.

पुढे युरोपात राहणाऱ्या माझ्या भाचीने तिची रीत सांगितली. ती आणि तिची मैत्रीण दरवर्षी आल्प्समध्ये स्कीइंगला जातात. एक तरबेज, दुसरी शिकाऊ. तिकडे उतारांना रंग दिलेले असतात. निळा सोपा, लाल मध्यम आणि काळा सर्वांत अवघड. त्या एकाच गावात खोली घेतात आणि तिथूनच आजूबाजूच्या ठिकाणी जाऊन येतात. सकाळी एक काळ्या उतारावर जाते, दुसरी निळ्या. दुपारी जेवायला पुन्हा एकत्र. "मावशी, सोबत म्हणजे काही दिवसभर हात धरून चालणं नव्हे," ती म्हणाली. मला ते अगदी पटले.

गेल्या वर्षी डिसेंबरात आम्ही त्याच रीतीने सहल आखली, पण आपल्याच सह्याद्रीत. वेल्ह्याच्या पुढे केळदच्या रस्त्यावर पासली नावाचे गाव आहे. तिथे माझ्या मैत्रिणीच्या मावशीचे घर. (तालुक्याला राजगड हे नवे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला आहे, तेव्हा पाटीवर ते दिसले तर गोंधळू नका.) तीन रात्रींचा मुक्काम पासलीलाच. बॅग एकदाच उघडली आणि निघतानाच भरली.

निघण्याआधी एका दुपारी आम्ही दोघी चहा घेऊन बसलो आणि कागदावर दोन रकाने केले. एकात तिला काय हवे, दुसऱ्यात मला काय झेपेल. "माझा गुडघा एवढा चढ घेणार नाही," हे मी या वेळी आधीच सांगून टाकले. ती म्हणाली, "हे तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी सोलंगला तुझ्यावर कशाला चिडले असते?" एवढ्यावर जुना राग निवला.

पहिला दिवस जाण्याचा. वाटेत नसरापूरला बनेश्वर, नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेले देऊळ. झाडीत शांत बसून डबा खाल्ला आणि संध्याकाळी पासली गाठली.

दुसऱ्या दिवशी ती तोरण्यावर गेली. उंची सुमारे ४,६०० फूट. वेल्ह्यातून अडीच-तीन तासांचा चढ, वर खडकात कठडे धरून जावे लागते. तिच्या सोबतीला गावातला एक माहीतगार दिला होता. मी वेल्ह्यातच मेंगाई देवीचे दर्शन घेतले आणि सावलीत विणकाम करत बसले. परतायची वेळ ठरलेली होती, चार वाजता. डोंगरात फोनला रेंज असेलच असे नाही, म्हणून वेळ आणि जागा तोंडी ठरवून ठेवावी.

तिसरा दिवस दोघींचा. पासलीच्या पुढची खिंड ओलांडली की केळद आणि मढे घाट. कड्यावरून खाली कोकण दिसते. १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, तेव्हा त्यांचा देह याच घाटाने उमरठ्याला नेला, असे सांगतात. तिथला धबधबा पावसाळ्यातला. तेव्हा जाल तर निसरड्या कड्याच्या जवळ मुळीच जाऊ नका.

चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर राजगड. गुंजवण्याकडून चोरदरवाजाची वाट उभी चढाची. पाल गावाकडून पाली दरवाजाची वाट रुंद आणि पायऱ्यांची. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी ही दुसरी धरावी. पालला सईबाईंची समाधी आहे. १६५९ साली त्या राजगडावर वारल्या, संभाजीराजे तेव्हा अवघे दोन वर्षांचे. तिथे थोडा वेळ थांबल्याशिवाय पाऊल पुढे पडेना. २०२५ साली हा गड जागतिक वारशाच्या यादीतही गेला. मी बसत-उठत पाली दरवाजापर्यंत गेले. ती पुढे संजीवनी माचीपर्यंत जाऊन आली. दोघी खूश!

आता काही सूचना.

पैसे : एक सामाईक पाकीट करावे. दोघींनी निघताना सारखी रक्कम टाकायची. गाडी, चहा, जेवण त्यातून. स्वतःपुरती खरेदी आपापल्या पर्समधून. रोज रात्री दोन ओळींत हिशेब लिहावा. मैत्रीत पैशाचे काय बोलायचे, असे म्हणून गप्प राहू नका. आमचे तिथेच बिनसले होते.

पाहुणचार : कुणाच्या घरी उतरलात तर रिकाम्या हाताने जाऊ नका. आम्ही तांदूळ, डाळ, तेल, साखर नेली होती आणि भाकऱ्या थापायला हातही लावला.

सामान : पायात रुळलेले बूट, नवे मुळीच नकोत. टोपी, बॅटरी, गुडघ्याचा पट्टा, रोजची औषधे. माणशी किमान दोन-तीन लिटर पाणी, लिंबू, मीठ-साखर, दशम्या, गूळ-शेंगदाणे. अत्तर आणि उग्र वासाचे तेल घरी ठेवा, गडांवर मधमाश्यांची पोळी असतात. चढाला पहाटे लागावे, उन्हाआधी वर पोचता येते.

घर : चार दिवसांचा स्वयंपाक करून ठेवून स्वतः दमून निघू नका. मी फक्त पहिल्या रात्रीचे करून ठेवले. दूधवाला, गॅस, सासूबाईंच्या गोळ्या यांची यादी फ्रिजवर लावली. परतले तर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला खिचडी बरी येते गं!" तीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हते.

तेव्हा मैत्रिणींनो, ठिकाण कोणतेही निवडा, आधी तो दोन रकान्यांचा कागद करा. आमचा मी जपून ठेवला आहे. त्याच्या मागच्या बाजूला तिने लिहिले आहे, "पुन्हा सोलंग. ती स्कीवर, मी शेकोटीजवळ." ती म्हणजे ती, आणि मी म्हणजे मी, हे तुमच्या लक्षात आलेच असेल!