जामीन राहावें, पण कशाबद्दल?

दुसऱ्याच्या कर्जास जामीन राहूं नये, ही शिकवण आपल्या घरांतून पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. तींत शहाणपण आहे, यांत शंका नाहीं. जामीन राहतांना पदरचा पैसा लगेच जात नाहीं. म्हणूनच आपण काय पत्करीत आहों, याचा मनुष्यास विसर पडतो. परंतु सूर्याची वीज, शुद्ध पाणी, सांडपाण्याची व्यवस्था अशीं आज हवीं असलेलीं पुष्कळ कामें जामिनाखेरीज उभींच राहत नाहींत. तेव्हां जामीन राहावें कीं नाहीं, यापेक्षां कशाबद्दल राहावें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

अर्थशास्त्रज्ञ ज्यास मिश्र भांडवल म्हणतात, त्याची कल्पना साधी आहे. सरकारचा किंवा एखाद्या लोकोपयोगी निधीचा थोडा पैसा पुढें करून, अथवा हमी देऊन, व्यापारी भांडवलाची भीति कमी करावयाची. म्हणजे तें भांडवल अल्प नफ्यावरही पुढें येतें.

मध्य प्रदेशांत रीवा येथील ७५० मेगॅवॅटच्या सौर प्रकल्पाचें उदाहरण घ्या. सूर्य उगवेल कीं नाहीं, ही शंका कोणाही कंपनीस नव्हती. वीज घेणाऱ्या सरकारी संस्था पैसे वेळेवर देतील कीं नाहीं, ही होती. त्यासाठीं तिहेरी बंदोबस्त करण्यांत आला: प्रथम बँकेचें पतपत्र, मग थकबाकी भागविण्यासाठीं वेगळा निधी, आणि शेवटीं राज्य सरकारची हमी. जमीन मिळविण्याची व प्रकल्पांतील वीजवाहक व्यवस्था उभारण्याची जबाबदारी सरकारी कंपनीनें घेतली. या व्यवस्थेसाठीं जागतिक बँकेचें कर्ज मिळालें, व त्याच्या जोडीस स्वच्छ तंत्रज्ञान निधीचें अत्यल्प व्याजाचें कर्जही मिळालें. सन २०१७ च्या फेब्रुवारींत लिलाव झाला, तेव्हां पहिल्या वर्षाचा दर युनिटास २ रुपये ९७ पैसे आला. सुमारें एक वर्षापूर्वीं राजस्थानांत भडला येथें आलेला ४ रुपये ३४ पैसे हा दरही लोकांस आश्चर्यकारक स्वस्त वाटला होता! सोलर पॅनेलांच्या किमती त्या काळांत उतरत होत्या, तेव्हां सारें श्रेय हमीस देतां येणार नाहीं. पण तिचा वाटा मोठा होता. या विजेचा सुमारें चौथा हिस्सा दिल्लीच्या मेट्रोकडे जातो.

आतां दुसरें चित्र पाहूं; तें आपल्या कोंकणांतलें आहे. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा करार १९९३ सालीं एन्‌रॉनच्या कंपनीशीं झाला, तो निविदा न मागवितां. जागतिक बँकेनें त्याच वर्षीं या प्रकल्पास कर्ज नाकारलें होतें. तरीही राज्य सरकारनें हमी दिली आणि तिच्यावर केंद्र सरकारनें प्रतिहमी. वीज वापरली न वापरली, तरी ठराविक आकार राज्याच्या वीज मंडळानें भरावा. इंधन महागलें, डॉलर चढला, तरी भार मंडळावरच, अशी व्यवस्था होती. १९९९ सालीं वीज सुरू झाली, आणि सन २००१ मध्यें देणीं थकून कंपनीनें केंद्राकडे प्रतिहमीचे पैसे मागितले. त्याच वर्षीं वीजघर बंद पडलें.

दोन्हीं ठिकाणीं जामीन सरकारच होतें. मग फरक कोठें पडला? रीवा येथें सरकार जामीन राहिलें तें वेळेवर पैसे देण्याबद्दल, म्हणजे जें त्याच्या स्वतःच्या हातीं होतें त्याबद्दल. उभारणीचा खर्च व यंत्रांची कामगिरी यांची जोखीम कंपनीच्या शिरावर राहिली, आणि दर खुल्या चढाओढींतून ठरला. दाभोळास इंधनाचा भाव, चलनाचा भाव, विजेची मागणी, अशा ज्या गोष्टी मंडळाच्या हातच्या नव्हत्या, त्याच त्याच्या गळ्यांत पडल्या. जोखीम एकाची आणि नफा दुसऱ्याचा, असा तो व्यवहार झाला.

भाऊ दुकान काढीत असेल, तर वेळेवर भाडें देण्याबद्दल जामीन राहावें. दुकान चालेलच, याबद्दल राहूं नये. राज्याचा संसारही याहून निराळा नाहीं. शिवाय हमीचा आंकडा आज खर्चीं पडत नसला, तरी तो वहींत मांडलेला असावा. कारण ती हमी उद्यां वठली, तर पैसा अखेर आपल्याच करांतून जावयाचा असतो. म्हणून सरकारनें अमुक कामास हमी दिली, असें वर्तमानपत्रांत वाचलें, कीं आमच्या वाचकांनीं इतकेंच विचारावें: हमी कशाबद्दल, किती रकमेची, आणि बुडालें तर कंपनीचें स्वतःचें काय बुडणार?