कागदातला कोळसा

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत दिली होती. १९२७ साली निघालेले 'बहिष्कृत भारत' पैशाअभावी १९२९ साली बंद पडले. कागद आणि छपाईचे मोल आपल्या समाजाला असे पहिल्यापासून ठाऊक आहे. परंतु कागदाला पैशाखेरीज आणखी एक किंमत असते. ती इंधनाची.

कारखान्यात लगदा यंत्रावर येतो तेव्हा त्यात शंभरात ९९ भाग पाणी असते. काही पाणी गळते, काही दाबून काढतात. उरलेले वाफेने तापवलेल्या मोठ्या लोखंडी रुळांवर वाळवावे लागते. ही वाफ बॉयलरची, आणि आपल्या देशात बॉयलरमध्ये मुख्यतः कोळसा जळतो. बल्लारपूरचा कागद कारखाना उभा राहिला तो बांबूच्या जंगलाजवळ आणि कोळशाच्या पट्ट्यातच. स्वीडन-फिनलंडमधले कारखाने लाकडाची साल आणि लगद्यातून निघणारा काळा द्राव जाळून पुष्कळसे काम भागवतात. अमेरिकेत त्याच्या जोडीला नैसर्गिक वायू जळतो. छपाईच्या काळ्या शाईतली काजळीसुद्धा खनिज तेलापासूनच बनते.

मग कागद वापरणे हा गुन्हा आहे काय? मुळीच नाही. आपल्या देशात माणशी वर्षाला जेमतेम १५-१६ किलो कागद लागतो. जगाची सरासरी ५५ किलोच्या वर आहे, अमेरिकेत तर २०० किलोच्या आसपास. ज्या घरात पहिल्यांदा वही आली, त्या घरातल्या मुलाला 'कागद वाचव' म्हणून कोणी शिकवू नये. त्याने वह्या भरभरून लिहाव्यात.

मात्र उधळपट्टी निराळी. आमच्या शेणव्याच्या नाक्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंत जयंतीला, वाढदिवसाला फ्लेक्स लागतात. फ्लेक्स कागदाचा नव्हे, प्लॅस्टिकचा. तो कुजत नाही, आणि जाळला तर विषारी धूर निघतो. हा धूर जातो कुणाच्या छातीत? कचरा उचलणाऱ्या आपल्याच भावाबहिणींच्या. त्यावर आपले फोटो आणि नावे मोठी, विचार मात्र कुठेच नाही!

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हारफुलांऐवजी 'एक वही, एक पेन' आणण्याची मोहीम आपल्याच कार्यकर्त्यांनी चालवली. तोच धडा गावोगावच्या जयंती मंडळांनी गिरवावा. कापडी फलक रंगवून घ्यावा, तो दरवर्षी चालतो. वाचलेल्या पैशातून वाडीवस्तीवरच्या मुलांना वह्या द्याव्यात. माताभगिनींनी मुलांची जुनी पुस्तके धाकट्यांसाठी जपावीत आणि रद्दी कोरडी ठेवून विकावी. रद्दीतला धागा पाच-सात वेळा पुन्हा कागद होऊ शकतो.

कोळसा जळायचाच असेल तर तो अक्षरासाठी जळावा, मिरवण्यासाठी नको. येत्या जयंतीच्या बैठकीत मंडळांनी याचा जरूर विचार करावा. जयभीम!