खिरापत अभ्यासक्रमाबाहेर का?

आश्विन महिना लागला की वृत्तपत्रांच्या पुरवण्या सणासुदीच्या पाककृतींनी भरून जातात. अलीकडे मोबाइलवरील चित्रफितींची त्यात भर पडली आहे. चकलीची भाजणी, अनारशाचे पीठ, चिरोट्यांचे पदर हे सारे दरवर्षी नव्याने सांगितले जाते आणि ते सांगायलाही हवे. परंतु वर्धा, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यातील शारदीय जेवण त्यात क्वचितच असते. असले तर 'झणझणीत वैदर्भीय रस्सा' या एका शिक्क्याखाली त्याची बोळवण होते. हिंगणघाटसारख्या गावात मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न केवळ चवीचा वाटत नाही. तो भाषेचाही आहे, आणि म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यांपुढे व अध्यापकांपुढे तो मांडावासा वाटतो.

'कोहळे' हा साधा शब्द घ्या. आमच्याकडे तो तांबड्या भोपळ्याचा वाचक आहे. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र पेठ्याचा पांढरा कोहळा उभा राहतो. 'सांभार' म्हणजे आमची कोथिंबीर. बाहेरच्या माणसाला त्यातून इडलीबरोबरचे वरण आठवते. त्यामुळे 'सांभारवडी' म्हणजे कोथिंबीर, खोबरे आणि खसखस यांचे सारण भरून तळलेली वडी, हे त्याला समजावून सांगावे लागते. आणि 'बोंड'? ते तळणीतही असते आणि पऱ्हाटीवरही असते. ज्या दिवसांत शेतात कापसाची बोंडे फुटू लागतात, त्याच दिवसांत घराघरांत कोहळ्याची बोंडे तळली जातात. ही जोडी कोणा कवीने जुळवलेली नाही, भाषेने जुळवली आहे. प्रमाण मराठीतील पाककृतीत 'भोपळ्याचे गोड भजे' असे लिहिले की पदार्थ तोच राहतो, पण ही जोडी तुटते.

कापसाचा उल्लेख येथे उगाच केलेला नाही. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे कापसाच्या एका प्रतीचे नाव म्हणून लिव्हरपूलच्या बाजारात चालत असे. वेणा नदीकाठच्या या गावाचे नाव कापसाने सातासमुद्रापार नेले. आमच्या भागात कापसाच्या पहिल्या वेचणीला 'सीतादही' करतात. शेतातच पूजा मांडायची, दही-भाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग ओट्यात कापूस घ्यायचा. पांढरे दही, पांढरा भात आणि पांढरे शेत! शरदातील सर्वांत साधे जेवण हेच असावे, आणि त्याला कोणत्याही पुरवणीत जागा नाही.

जी गोष्ट सीतादहीची, तीच भुलाबाईची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात आणि खानदेशात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई-भुलोजी बसतात. गाणी संपली की झाकलेला डबा पुढे येतो, तो कानाशी हलवून पाहिला जातो आणि आतली खिरापत ओळखायची असते. गोड की तिखट, कोरडी की ओली, तळलेली की भाजलेली, अशा प्रश्नांनी मुली नावापर्यंत पोहोचतात. थोडे थांबून पाहिले तर हा पदार्थांच्या वर्गीकरणाचा पाठच आहे, आणि तो खेळता खेळता शिकवला जातो. लोकसाहित्य शिकवताना आपण भुलाबाईची गाणी शिकवतो. त्यांतील सासर-माहेर, त्यांची लय, त्यांतील पुनरुक्ती यांवर प्रश्न काढतो. डबा मात्र आपण वर्गाबाहेर ठेवतो. विधीचा अर्धा भाग संहिता आणि अर्धा भाग खाऊ, ही वाटणी कोणी केली? ती आपणच केली आहे, असे आमचे मत आहे.

मराठीत पाककृती लिहिण्याची परंपरा लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० मध्ये आली आणि तिने वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले. माहेरापासून दूर, नव्या शहरात संसार मांडणाऱ्या मुलीला या मापाने केवढा आधार दिला असेल! त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण लिखित मापाबरोबर एक प्रमाण स्वयंपाकघरही तयार झाले आणि ज्यांचे पदार्थ त्यात आले नाहीत, त्यांचे शब्दही त्यात आले नाहीत.

आमच्याकडची कोजागिरीची रात्र कशी मांडता येईल, ते आता सांगतो.

आरंभ कोहळ्याच्या बोंडांनी करावा. पिकलेले कोहळे किसून मंद आचेवर वाफवावे. दोन वाट्या किसाला एक वाटी चिरलेला गूळ घालून तो विरघळू द्यावा. मिश्रण निवाले की वेलची, खसखस, चिमूटभर मीठ, थोडा रवा आणि गरम तेलाचे मोहन घालावे. मग कणीक. ती किती? येथे वाटी थांबते. गूळ आणि कोहळे किती पाणी सोडतील यावर ते ठरते, म्हणून घरची बाई सांगते, 'माईन तेवढी.' वऱ्हाडी बोलीत हे 'माईन' म्हणजे प्रमाण मराठीतले 'मावेल'. संपादक ते दुरुस्त करील आणि कदाचित 'दीड वाटी' असेही लिहून टाकील. पण 'माईन तेवढी' ही अचूक सूचना आहे, कारण ती हाताला विचारायला सांगते. पीठ बोटांनी सोडता येईल इतके घट्ट झाले की मध्यम आचेवर बोंडे तळावीत. आच मोठी असली तर ती वरून काळी होतात आणि आत कच्ची राहतात.

पातोडीचा रस्सा दुपारीच अर्धा उरकून ठेवता येतो. फोडणीच्या पाण्यात बेसन शिजवून घट्ट गोळा करावा, तेल लावलेल्या ताटात थापावा आणि त्याच्या चौकोनी पातोड्या कापाव्यात. भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस, लसूण आणि आले यांच्या वाटणाचा रस्सा वेगळा उकळावा. पातोड्या पाने वाढताना घालाव्यात. आधी घातल्या तर त्या रस्सा पितात आणि फुटतात.

गोळाभात शेवटी लावावा. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद, हिंग, जिरे आणि कडकडीत तेल घालून, पाण्याचा जेमतेम हात लावून लिंबाएवढे गोळे वळावेत. गंजातल्या भाताचे पाणी आटत आले की गोळे त्यात खोचून झाकण ठेवावे आणि मंद वाफ द्यावी. पानात गोळा फोडून भातात कालवायचा आणि वरून मोहरी, हिंग व लाल मिरचीची फोडणी घ्यायची. पूर्वी यासाठी जवसाचे तेल असे. सोबत कढी हवीच. भरडा कोरडा असतो, त्याला तिचा ओलावा लागतो. जेवणे आटोपली की ज्येष्ठ अपत्याची आश्विनी, ओवाळणे, आणि मग चंद्र माथ्यावर येईपर्यंत आटत ठेवलेले दूध.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, पाककृती म्हणजे साहित्य नव्हे. मान्य आहे, पण म्हण, उखाणा आणि ओवी यांनाही एके काळी हेच ऐकावे लागले होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे कोणाचे जेवण? वर सांगितलेल्या पानाला तेल, खोबरे, खसखस आणि दूध लागते. ज्या बाईच्या ओट्यात कापूस येतो, तिच्या चुलीवर ते सारे येतेच असे नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघर मराठीत आणले, तेव्हा आधीच्या पाकशास्त्रांनी काय वगळले होते ते उघड झाले. आमच्या भागाचा दसरा तर १९५६ पासून दुहेरी आहे. एकीकडे आपट्याची पाने, तर दुसरीकडे नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघालेली माणसे आणि तेथे त्यांच्यासाठी चालणारे भोजनदान. हजारो अनोळखी माणसांसाठी रांधलेले ते अन्नही शरदातील सणाचेच जेवण आहे. संकलन करायचे तर सगळ्या चुलींचे करावे लागेल. नाही तर आपणही एक नवे प्रमाण स्वयंपाकघर उभे करून मोकळे होऊ.

म्हणून आमची सूचना साधी आहे. लोकसाहित्य शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने या शरदात आपल्या घरातील किंवा शेजारातील एका बाईकडून एक पाककृती तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावी. 'माईन'चे 'मावेल' करू नये. भांड्याचे नाव, आचेचे वर्णन, मापाचा शब्द, पदार्थ कोणत्या दिवशी होतो आणि तो आधी कोणाला वाढला जातो, हेही लिहावे. घरात तो पदार्थ बंद झाला असेल तर केव्हा आणि का, हेदेखील विचारावे. त्या उत्तरांत कधी कापसाचा भाव निघेल, कधी लेकीचे लग्न, तर कधी केवळ गुडघेदुखी निघेल. अशा पन्नास वह्या जमल्या तरी बोलीच्या अभ्यासकाला, समाजशास्त्राच्या अभ्यासकाला आणि भूक लागलेल्या माणसालाही त्यांचा उपयोग होईल.

हे काम लांबवता येण्यासारखे नाही. गाणी निदान छापली गेली आहेत. 'माईन तेवढी' म्हणजे किती, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे त्या बायकांचे वय मात्र वाढते आहे. डबा अजून कानाशी वाजतो आहे, तोवर आत काय आहे ते विचारून घ्यावे.