माणूस बोलवा!

आपल्या मराठी मध्यमवर्गीय घरांत काहीही बिघडलं की एक वाक्य ठरलेलं असतं. "माणूस बोलवा." नळ गळतोय, माणूस बोलवा. मिक्सरमधून वास येतोय, माणूस बोलवा. पंखा कुरकुरतोय, माणूस बोलवा. गंमत म्हणजे या 'माणसा'ला बहुतेक वेळा नावही नसतं. तो गिझरवाला असतो, नाहीतर मिक्सरवाला. आणि आपण कोण? आपण तो येईपर्यंत हात बांधून बसणारे!

माझं मत असं आहे (घरात ते फारसं कुणाला पटलेलं नाही हे आधीच सांगून टाकते) की हे वाक्य चुकीचं नाही, पण ते दुसरं असायला हवं. पहिलं वाक्य हवं, "बघू तरी काय झालंय."

हे लिहायला निमित्त आमच्या इथल्या ओव्हनचं. न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात वर चार शेगड्या आणि खाली ओव्हन अशी विजेवर चालणारी एक बारा वर्षांची धूड शेगडी आहे. गेल्या महिन्यात नानकटाई आत असताना ओव्हनच्या तळाच्या काळ्या नळीवर एका जागी लखलखीत ठिणगी उडायला लागली, अगदी फुलबाजी पेटल्यासारखी. बटण बंद केलं तरी ती थांबेना. तळघरातल्या पॅनेलमधला ओव्हनचा ब्रेकर पाडला तेव्हा थांबली.

दुसऱ्या दिवशी एका दुरुस्ती कंपनीला फोन केला. येऊन बघण्याचेच १२० डॉलर, दुरुस्ती वेगळी. पलीकडच्या बाईंनी शेगडीचं वय विचारलं आणि फार गोड आवाजात सांगितलं की बारा वर्षांच्या वस्तूवर खर्च करण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा नवीनच बघा. शेगडी न बघता, काय बिघडलंय ते न विचारता! एक नळी जळाली म्हणून चार शेगड्या, दार, काच, पत्रा, सगळं भंगारात. मला हे पटेना. शेवटी ती नळी ३८ डॉलरना मागवली आणि एका शनिवारी सकाळी बदलून टाकली. नुसतं बदलायला वीस मिनिटं लागली.

फोनवर हे ऐकून पुण्याहून आत्या म्हणाली, "अगं, कशाला हात घातलास? शॉक बसला असता म्हणजे? तिथे माणसं मिळत नाहीत का?" आत्या हे वाचणार आहे, म्हणून तिला आणि तिच्यासारखं म्हणणाऱ्या सगळ्यांना जरा सविस्तर उत्तर देते.

आधी ती नळी म्हणजे काय ते. इस्त्री, गिझर, टोस्टर, ओव्हन, या सगळ्यांच्या पोटात बहुधा एकच युक्ती असते. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार, म्हणजे नायक्रोम. अल्बर्ट मार्श नावाच्या अमेरिकन माणसाला १९०६ साली तिचं पेटंट मिळालं. तिचं वैशिष्ट्य असं की ती लालबुंद तापली तरी हवेत लगेच जळून जात नाही, कारण तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच तिला सांभाळतो. हल्लीच्या ओव्हनमध्ये ही तार उघडी नसते. धातूच्या नळीत मधोमध तारेचं वेटोळं आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पांढरी भुकटी. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते पण वीज जाऊ देत नाही. हे असं तोपर्यंतच, जोवर नळी शाबूत आहे. वर्षानुवर्षं तापून आणि निवून नळीला कुठेतरी चीर जाते, आतली तार तुटते किंवा नळीच्या धातूला टेकते, आणि मग आमच्याकडे झाली तशी फुलबाजी!

आता बटण बंद करूनही ठिणगी का थांबली नाही? इथे ओव्हनला दोन जिवंत तारा येतात. प्रत्येकीवर जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्ट आणि दोघींच्या मध्ये २४०. बऱ्याच ओव्हनमध्ये बटण बंद केल्यावर यातली एकच तार तुटते, दुसरी एलिमेंटपर्यंत जिवंतच राहते. म्हणून बटण बंद आहे यावर विसंबून कुणीही आत हात घालू नये. आत्या, तुझी भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय म्हणजे न बघणं नव्हे, तर ब्रेकर पाडणं आणि वीज खरोखर गेली आहे का हे मल्टिमीटरने तपासणं. हे दोन्ही केल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला नाही.

पुढचं काम खरं सांगायचं तर भोपळ्याचे घारगे करण्याइतकंही अवघड नाही. दाराच्या चौकटीवर मॉडेल नंबरची पट्टी असते, त्या नंबरावरून नेमका तोच भाग मागवायचा. दिसायला सारखा पण वेगळ्या वॉटचा नको. ओव्हन पूर्ण थंड हवा. जाळ्या काढायच्या. मागच्या भिंतीशी एलिमेंटच्या पट्टीला दोन स्क्रू असतात, ते सोडवायचे आणि एलिमेंट हलकेच चार बोटं पुढे ओढायचं. त्याच्यामागे दोन तारा येतात, टोकाला चपट्या क्लिपा असलेल्या. एकेक क्लिप काढली की त्या तारेला कपड्यांचा चिमटा लावून ठेवायचा, म्हणजे ती भिंतीतल्या भोकातून मागे सटकत नाही. (सटकली तर अख्खी शेगडी पुढे ओढून मागचा पत्रा काढावा लागतो.) क्लिप काळी पडली असेल किंवा ढिली असेल तर तीही बदलायची, नाहीतर नवीन एलिमेंटही तिथेच तापून जाईल. मग नव्याच्या दोन टोकांना त्या क्लिपा बसवायच्या, स्क्रू आवळायचे, ब्रेकर चढवायचा, खिडकी उघडायची आणि ओव्हन अर्धा तास रिकामाच तापवायचा. पहिल्यांदा थोडा धूर आणि वास येतो, तो नळीवरच्या लेपाचा.

आणि जुनं एलिमेंट खरंच गेलंय हे आधी कसं कळलं? शाळेत शिकलेल्या सूत्रावरून! व्होल्टचा वर्ग भागिले वॉट म्हणजे रोध. माझ्या एलिमेंटवर २४० व्होल्ट, २५०० वॉट असं लिहिलेलं होतं. २४० चा वर्ग ५७६००, त्याला २५०० ने भागलं की साधारण २३ ओहम. नव्या एलिमेंटवर मल्टिमीटरने २३ च्या आसपास आकडा दाखवला, जुन्यावर काहीच नाही, म्हणजे आतली तार तुटलेली. ओहमचा नियम मी नववी-दहावीत घोकला, त्यावर मार्क मिळवले, आणि एवढ्या वर्षांत तो एकदाही माझ्या हाताला लागला नव्हता. त्या दिवशी लागला. त्याचा आनंद ३८ डॉलरच्या हिशोबात बसत नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. आपल्याकडे शिक्षण म्हणजे हात न घालण्याचा परवाना होऊन बसलंय. शिकलेल्याने सूत्र सांगायचं, न शिकलेल्याने स्क्रू फिरवायचा. इंजिनियर झालेल्या मुलांच्या घरात साधी पक्कड नसते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मुलींच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. आमच्या घरी पाना-पक्कड असलेला पत्र्याचा डबा होता, पण तो दादाचा. मला त्यातलं काही हवं असेल तर "तुला कशाला?" असं विचारलं जायचं. अमेरिकेत लोक हातानं कामं करतात याचं आपल्याला फार कौतुक असतं. त्यात मोठा वाटा नाइलाजाचा आहे, कारण इथे माणसाचा वेळ महाग आहे. भारतात तो स्वस्त आहे म्हणून आपण बोलावतो. पण ज्याला आपण स्वस्तात बोलावतो त्याच्या कामाला आपण काम समजत नाही, हा त्याच्यापुढचा भाग. दहा मिनिटांत झालं मग एवढे पैसे कसले, असं आपण त्याला ऐकवतो. ती दहा मिनिटं व्हायला आधी किती वर्षं लागली असतील हे स्वतः एकदा हात घातल्याशिवाय कळत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सगळे असं घरीच करायला लागले तर त्या माणसानं खायचं काय? आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून टाळत नाही. पण आमच्याच शेगडीचं बघा. मी काही केलं नसतं तर दुरुस्तीचं काम कुणालाच मिळणार नव्हतं, शेगडीच भंगारात जाणार होती. कारागिराच्या पोटावर पाय आणते ती 'नवीनच घ्या' ही सवय. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईची लोहार चाळ घ्या. तिथल्या सुट्या भागांच्या दुकानात मापाची कॉइल किंवा गिझरचं एलिमेंट मागणारी माणसं आहेत म्हणूनच ते दुकानदार तो माल ठेवतात. दुरुस्ती मागणारं गिऱ्हाईक गेलं की सुटा भाग जातो आणि सुटा भाग गेला की कारागीरही जातो.

दुसरा आक्षेप, वेळेची किंमत. एका शनिवारचा तास-दीड तास गेला, मान्य. नव्या शेगडीसाठी दुकानं हिंडण्यात किती गेला असता?

जगात आता याचे कायदे होऊ लागलेत हेही सांगते. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून फ्रिज, वॉशिंग मशीन यांसारख्या वस्तूंचे ठरावीक सुटे भाग सात ते दहा वर्षं मिळालेच पाहिजेत असा नियम केला. कॅलिफोर्नियात २०२३ साली कायदा झाला आणि जुलै २०२४ पासून लागू झाला. महागड्या उपकरणांसाठी, मॉडेल बनणं थांबल्यावरही सात वर्षं भाग, अवजारं आणि माहितीपुस्तिका कंपनीने द्यायच्या. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. चांगलंच आहे. पण वस्तू उघडून बघण्याची इच्छाच उरली नाही, तर हा हक्क घेऊन आपण करणार काय?

मर्यादाही सांगते, नाहीतर आत्या पुन्हा फोन करेल. गॅसच्या नळीला आणि व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. मायक्रोवेव्ह तर उघडायचाच नाही, त्याच्या आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो. अर्थिंगची खात्री नसलेल्या घरात गिझर उघडायचा नाही. भाड्याच्या घरातली वस्तू घरमालकाला विचारल्याशिवाय नाही. आणि ब्रेकर कुठला हे नक्की ठाऊक नसेल तर तिथेच थांबायचं. अशा वेळी माणूस जरूर बोलवा! पण त्याच्याशेजारी उभं राहून बघा, काय गेलं ते विचारा, काढलेला भाग मागून घ्या, त्याचं नाव विचारा, आणि पैसे देताना घासाघीस करू नका.

आत्याची भीती कुठून आलीय तेही मला माहीत आहे. तिच्या माळ्यावर अजून तो जुना, गोल, ॲल्युमिनियमचा, काचेच्या झाकणाचा ओव्हन आहे, त्यातले केक खाऊनच आम्ही मोठे झालो. त्याची कॉइल चिनी मातीच्या पन्हाळीत उघडीच असायची आणि प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंगच नाही. अंगाला हात लागला की झिणझिण्या यायच्या. कॉइल तुटली की दोन टोकं पिळून जोडायची, आणि ती काही दिवसांनी पुन्हा तिथेच तुटायची, कारण पिळलेला सांधा बाकीच्या तारेपेक्षा जास्त तापतो. असा ओव्हन वापरलेल्या बाईला विजेची धास्ती वाटणारच!

तर आत्या, डिसेंबरात येतेय, मल्टिमीटर घेऊन. तपकीर गल्लीतून मापाची नवी कॉइल, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंगची तार आणू. कॉइल मी बसवीन. अर्थिंग मात्र तुझ्या त्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेऊ, आणि त्याचं नाव काय ते आधी विचारून ठेव.